विंगेतला उजेड आणि ब्राइटनेसची बटणे

डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावच्या देवळात जत्रेच्या रात्री दरवर्षी नाटक होते आणि गेली काही वर्षे त्या नाटकाच्या पार्श्वसंगीताची जबाबदारी माझ्याकडे आहे. पूर्वी हे काम कॅसेटवर आणि पुढे सीडीवर चालत असे. आता संगीताचे सगळे तुकडे विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली असलेल्या माझ्या जुन्या लॅपटॉपवर ओळीने लावलेले असतात आणि मी डाव्या विंगेत लाकडी स्टुलावर संहिता मांडीवर घेऊन बसतो. २०२२ च्या जत्रेत तिसऱ्या अंकाच्या शेवटी रंगमंचावर पूर्ण काळोख व्हायचा होता. दिवे गेले, मंडपातली कुजबुज थांबली आणि माझ्या स्क्रीनचा पांढरा उजेड थेट मागच्या रंगवलेल्या पडद्यावर पडला. आमचे दिग्दर्शक, ज्यांना सगळे गाव मास्तर म्हणते, विंगेच्या टोकाला उभे होते. ते दबक्या आवाजात म्हणाले, ‘‘अरे, तो उजेड कमी कर आधी!’’

मी एफएन आणि ब्राइटनेस कमी करायचे बटण एकत्र दाबले. स्क्रीनच्या कोपऱ्यात सूर्याचे छोटे चित्र आले, त्याखालची पट्टी एकेक पायरी उतरत शून्यावर गेली, पण उजेड मात्र तसूभरही कमी झाला नाही. झाकण मिटावे तर लॅपटॉप झोपी जाणार आणि पुढच्या सनईचा तुकडा चुकणार, म्हणून खांद्यावरचा पंचा काढून स्क्रीनवर टाकला. पंच्यातूनही तो उजेड झिरपत राहिला आणि नायकाचा मृत्यू निळसर प्रकाशात पार पडला. प्रेक्षकांनी ते मनावर घेतले नसेल, पण ज्या क्षणासाठी नटाने महिनाभर तालीम केली होती तो क्षण माझ्या यंत्रामुळे उणा पडला, हे मला फार लागले.

जत्रेनंतरच्या आठवड्यात मी लॅपटॉप पणजीतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात नेला. तिथे आधी कीबोर्ड गेला असे सांगण्यात आले, नंतर बोर्डातच दोष आहे असे सांगून मोठा खर्च सुचवण्यात आला. मला ते पटेना, कारण कीबोर्ड गेला असता तर सूर्याखालची पट्टी उतरली कशी असती? यंत्राला बटण कळले होते आणि डेस्कटॉपला, म्हणजे स्क्रीनवरच्या खिडक्या आणि पट्ट्या सांभाळणाऱ्या व्यवस्थेलाही, कळले होते. म्हणजे बिघाड त्यापुढे कुठे तरी होता. लॅपटॉप तसाच घरी आणला आणि पुढचे दोन रविवार त्यामागे घालवले.

ब्राइटनेसचे बटण म्हणजे दिव्याचे बटण, अशी आपली समजूत असते, आणि लॅपटॉपमध्ये तसे काहीच नसते. बटण दाबले की त्याची वर्दी आधी यंत्रातल्या एका छोट्या नियंत्रकाकडे जाते. माझ्यासारख्या यंत्रांमध्ये तो नियंत्रक एसीपीआय या व्यवस्थेमार्फत कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, निरोप देतो. कर्नल त्या निरोपाचे ‘ब्राइटनेस कमी’ किंवा ‘ब्राइटनेस जास्त’ अशा नावाच्या कळीत रूपांतर करतो. लिनक्समध्ये या दोन कळींचे ठरलेले क्रमांक २२४ आणि २२५ आहेत. ती कळ डेस्कटॉपचा पॉवर मॅनेजर ऐकतो, स्क्रीनवर पट्टी दाखवतो आणि मग कर्नलने मांडून ठेवलेल्या एका फाइलमध्ये नवा आकडा लिहितो. तो आकडा वाचून ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारा प्रोग्राम, स्क्रीनमागच्या एलईडी दिव्यांना किती वेळ चालू आणि किती वेळ बंद राहायचे ते सांगतो, कारण बहुतेक लॅपटॉपमध्ये हे दिवे डोळ्यांना कळणार नाही इतक्या वेगाने उघडझाप करतात आणि मंद उजेड म्हणजे त्यातला चालू राहण्याचा वेळ कमी. इतक्या हातांतून निरोप जात असताना कोणत्या हाताने तो खाली टाकला, हे पाहिल्याशिवाय औषध घालणे म्हणजे दुखणे पायाला आणि मलम डोक्याला.

पहिला हात तपासायला ‘इव्हटेस्ट’ नावाचे छोटे साधन पुरते. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ते ‘सुडो’ लावून (प्रशासकाच्या अधिकाराने) चालवले की यंत्रातल्या सगळ्या इनपुट उपकरणांची यादी येते. ब्राइटनेसच्या बटणांसाठी आधी ‘व्हिडिओ बस’ हे उपकरण निवडून पाहावे आणि तिथे काही उमटले नाही तर साधा कीबोर्ड निवडावा. माझ्याकडे ‘व्हिडिओ बस’ निवडताच प्रत्येक दाबासरशी २२४ आणि २२५ हे आकडे ठसठशीत उमटू लागले. पट्टी हलत होती म्हणजे पॉवर मॅनेजरही ऐकत होता. मग उरली ती फाइल.

लिनक्समध्ये ही फाइल ‘/सिस/क्लास/बॅकलाइट’ या फोल्डरात असते. हा फोल्डर उघडला आणि आत एकाच स्क्रीनसाठी दोन उपफोल्डर दिसले: एकाचे नाव ‘एसीपीआय_व्हिडिओ०’ आणि दुसऱ्याचे ‘इंटेल_बॅकलाइट’. प्रत्येकात ‘ब्राइटनेस’, ‘मॅक्स_ब्राइटनेस’, ‘अ‍ॅक्च्युअल_ब्राइटनेस’ आणि ‘टाइप’ या फाइली होत्या. पहिल्याचा कमाल आकडा १५ होता, दुसऱ्याचा ४८८२. ‘टाइप’ फाइलमध्ये पहिल्याने स्वतःला ‘फर्मवेअर’ (बोर्डावरच साठवलेला प्रोग्राम) म्हटले होते आणि दुसऱ्याने ‘रॉ’ (दिव्याशी थेट बोलणारा). एका दिव्याचे दोन कारभारी होते आणि दोघांपैकी कोणाच्या हातात खरोखर दिवा आहे, हे आता पाहायचे होते.

इथे एक बारकावा सांगायला हवा, कारण मी स्वतः त्यात अर्धा तास अडकलो होतो. या फाइली ‘रूट’ या प्रशासक वापरकर्त्याच्या मालकीच्या असतात, म्हणून ‘सुडो एको’ लिहून पुढे बाणाच्या चिन्हाने आकडा फाइलमध्ये घालायला गेलो, तर परवानगी नाकारली जाते. सुडोचा अधिकार फक्त एको या आज्ञेपुरता असतो, बाणाचे काम आपला साधा शेल करतो आणि त्याला तो अधिकार नसतो. त्यासाठी एकोचे उत्तर पाइपने ‘सुडो टी’ या आज्ञेकडे द्यावे आणि तिच्यापुढे फाइलचा पत्ता लिहावा. तसे करून मी एसीपीआयच्या फाइलमध्ये ३ लिहिले. आकडा निमूटपणे स्वीकारला गेला, परत वाचला तर ३ दिसला आणि स्क्रीन होता तसाच लखलखत राहिला. मग इंटेलच्या फाइलमध्ये १२०० लिहिले आणि एंटर दाबताक्षणी खोलीतला उजेड उतरला. भिंतीवरची माझी सावली विरघळली. दुकानात ज्याला बोर्डाचा दोष म्हटले गेले तो दोष बोर्डात नव्हता, हे त्या एका क्षणात स्पष्ट झाले, आणि तो आनंद मला अजून आठवतो.

उत्साहाच्या भरात मी पुढे शून्य लिहिले आणि स्क्रीन पूर्ण काळा झाला. काही यंत्रांवर शून्य म्हणजे अगदी मंद उजेड असतो, काहींवर दिवे साफ बंद होतात, आणि माझे यंत्र दुसऱ्या प्रकारचे निघाले. घाबरून जाण्याचे कारण नाही, कारण चित्र तिथेच असते, फक्त त्यामागचा दिवा विझलेला असतो. मी बॅटरी आणून तिचा झोत स्क्रीनवर तिरपा धरला, तेव्हा काळ्या काचेत माझे टर्मिनल आणि त्यातली शेवटची ओळ अंधूक दिसू लागली. एका हातात बॅटरी धरून दुसऱ्या हाताने तीच आज्ञा नव्या आकड्यासह टाइप केली आणि उजेड परत आला. हा प्रयोग ज्यांना करायचा असेल त्यांनी शून्य लिहिणारी आज्ञा, पाच सेकंदांची ‘स्लीप’ आणि जुना आकडा परत लिहिणारी आज्ञा एकाच ओळीत अर्धविरामाने जोडावी, म्हणजे दिवा आपोआप परत येतो.

आता कारण कळले. दोन कारभारी असतील तर फर्मवेअरला पहिला मान द्यावा, नंतर ‘प्लॅटफॉर्म’ला आणि शेवटी ‘रॉ’ला, असे कर्नलचे दस्तऐवज सांगतात. डेस्कटॉपचा पॉवर मॅनेजर तो नियम पाळून एसीपीआयच्या फाइलमध्ये आकडा लिहीत होता, आणि माझ्या लॅपटॉपच्या बायोसमधला, म्हणजे त्याच फर्मवेअरमधला, तो भाग आकडा घेऊन स्वस्थ बसत होता. माझे यंत्र विंडोज ७ च्या काळातले आहे, त्या काळी ब्राइटनेसचे काम बायोसकडे असायचे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ च्या ऑक्टोबरपासून, ते ग्राफिक्स ड्रायव्हरकडे आले. लिनक्सही यंत्राच्या फर्मवेअरमधल्या खुणांवरून ते यंत्र कोणत्या काळाचे आहे हे ओळखतो आणि त्याप्रमाणे कारभारी निवडतो. म्हणून नव्या यंत्रांवर हा दोन फोल्डरांचा घोळ सहसा दिसत नाही, जुन्यांवर मात्र बायोसने प्रामाणिकपणे काम करावे ही अपेक्षा राहते आणि ती कधी कधी पुरी होत नाही.

उपाय कर्नलला सुरू होतानाच एक शब्द सांगण्याचा आहे. तो कायमचा लिहिण्याआधी एकदाच आजमावता येतो आणि तसेच करावे: यंत्र सुरू होताना ग्रबच्या, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या, यादीत ‘इ’ दाबावे, ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून नवा शब्द लिहावा आणि एफ१० दाबावे. चुकले तर पुढच्या वेळी यंत्र पूर्वीसारखे सुरू होते, काही बिघडत नाही. मला इंटरनेटवर जिथे तिथे ‘एसीपीआय_बॅकलाइट=व्हेंडर’ हा सल्ला दिसला, म्हणून तोच लिहिला. यंत्र सुरू झाले, बॅकलाइटच्या फोल्डरातून ‘एसीपीआय_व्हिडिओ०’ नाहीसा झाला, ‘इंटेल_बॅकलाइट’ एकटा उरला आणि बटणे चालू लागली. मग ‘/ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब’ या फाइलमध्ये ‘ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डीफॉल्ट’ या ओळीत, ‘क्वाएट’च्या पुढे, अवतरणचिन्हांच्या आत तोच शब्द घातला आणि ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवले. त्या वेळी यंत्रावर डेबियन या लिनक्स प्रकाराची ११ वी आवृत्ती होती, ज्याचा कर्नल ५.१० आहे.

या प्रश्नावर हमखास सुचवल्या जाणाऱ्या एका उपायाबद्दल मी आग्रहाने लिहिणार आहे, कारण तो उपाय दिसायला फार सोपा आहे आणि मूळ काम करत नाही. ‘एक्सरँडर’ या आज्ञेला ‘ब्राइटनेस’ असा पर्याय आहे आणि तिथे ०.५ लिहिले की स्क्रीन अर्धा मंद झाल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात दिवे पूर्ण जळत असतात, फक्त चित्रातले रंग गडद केलेले असतात. विंगेत बसणाऱ्या माणसाला हा फरक लगेच कळतो, कारण काळोखात एलसीडीचा काळा रंगही राखाडी होऊन उजळतो आणि पडद्यावर त्याची झाक पडते. बॅटरीचा एक थेंबही त्याने वाचत नाही. जून-जुलैत आमच्याकडे वाऱ्यापावसात झाडाची फांदी तारेवर पडली की वीज कधी येईल ते सांगता येत नाही आणि लॅपटॉपच्या खर्चातला मोठा वाटा या दिव्यांचाच असतो. त्या वेळी रंग गडद करून दिवे मंद केल्याचे समाधान मानणे महागात पडते. ‘एक्सबॅकलाइट’ हे दुसरे जुने साधन खऱ्या दिव्यालाच हात घालते, पण हल्लीच्या सर्वसाधारण ‘मोडसेटिंग’ ड्रायव्हरबरोबर ते चालत नाही. ‘ब्राइटनेससीटीएल’ हे साधन थेट कर्नलच्या फाइलींशी बोलते आणि ज्यांच्याकडे पूर्ण डेस्कटॉप नसून आयथ्रीसारखा हलका विंडो मॅनेजर आहे त्यांनी बटणांना तेच जोडावे; तिथे कळ उमटते पण ती ऐकायला कोणी बसलेले नसते, एवढाच दोष असतो.

पुढच्या तालमीला मी मुद्दाम लवकर गेलो. मंडपातले दिवे घालवून मास्तरांना प्रेक्षकांच्या जागी बसवले आणि विंगेत आकडे बदलत गेलो. ४८८२ वरून २४०० वर आलो तरी त्यांना फारसा फरक जाणवला नाही, २०० वरून १०० वर आलो तेव्हा मात्र त्यांनी खालून लगेच ‘‘आता बरे’’ म्हटले. आपला डोळा असाच आहे, उजेडात त्याला हजाराचा फरक कळत नाही आणि काळोखात शंभराचा कळतो. शेवटी ९० वर संहितेची अक्षरे मला वाचता येत होती आणि पडद्यावर काही पडत नव्हते. तो आकडा मी एका छोट्या स्क्रिप्टमध्ये घालून ठेवला आहे आणि पहिली घंटा झाली की ती चालवतो. हा आकडा फक्त माझ्या यंत्राचा आहे, दुसऱ्या यंत्रावर ९० चा अर्थ वेगळा असेल, म्हणून आधी ‘मॅक्स_ब्राइटनेस’ वाचावे.

मधल्या काळात माझी भाची म्हापशाहून आली. ती कॉलेजात शिकते आणि तिच्या नव्या लॅपटॉपवरही लिनक्स आहे. ‘‘मामा, माऊसने पट्टी सरकवली की उजेड कमी होतो, बटणाने होत नाही,’’ असे ती म्हणाली. या एका वाक्यात अर्धे निदान होते: दिवा, ड्रायव्हर आणि फाइल ठीक आहेत, अडचण बटणाच्या बाजूला आहे, आणि ग्रबमध्ये काहीही लिहिण्याची गरज नाही. इव्हटेस्टमध्ये काही उमटत नव्हते, पण ‘सुडो डीमेसेज’ चालवल्यावर कर्नलच्या नोंदींत दिसले की कीबोर्डवरून अनोळखी कळ दाबली गेली आहे, आणि तिचा सांकेतिक अंकही तिथे होता. अशा वेळी त्या अंकाला नाव द्यायचे असते. ‘/ईटीसी/युडेव्ह/एचडब्ल्यूडीबी.डी’ या फोल्डरात एक छोटी फाइल करून तिच्या पहिल्या ओळीत यंत्राची ओळख आणि खालच्या ओळीत त्या अंकापुढे ‘ब्राइटनेसडाउन’ असे लिहिले. खालच्या ओळीची सुरुवात एका रिकाम्या जागेने व्हावी लागते, नाही तर ती वाचलीच जात नाही. मग ‘सुडो सिस्टिमडी-एचडब्ल्यूडीबी अपडेट’ आणि ‘सुडो युडेव्हएडीएम ट्रिगर’. दुसऱ्या बटणासाठीही तेच केले आणि चहा निवायच्या आत काम झाले.

माझ्या यंत्राची गोष्ट मात्र तिथे संपली नाही. २०२३ च्या जूनमध्ये डेबियन १२ आले आणि त्याच पावसाळ्यात मी यंत्र त्यावर नेले. सुरू केल्यावर ब्राइटनेसची पट्टीच दिसेना. ‘/सिस/क्लास/बॅकलाइट’ उघडून पाहिले तर तो फोल्डर रिकामा होता. ग्रबमधला शब्द होता तिथेच होता, मी बोटही लावले नव्हते. वाचत गेल्यावर उलगडा झाला. डेबियन १२ चा कर्नल ६.१ आहे आणि २०२२ च्या डिसेंबरात आलेल्या त्या आवृत्तीत बॅकलाइटची सगळी व्यवस्था नव्याने मांडली गेली, जेणेकरून एका स्क्रीनला एकच कारभारी मिळावा. जुन्या कर्नलमध्ये ‘व्हेंडर’ म्हटले की एसीपीआयचा कारभारी दूर व्हायचा आणि इंटेलचा तसाही हजर असायचा, म्हणून माझे काम व्हायचे. त्या शब्दाचा खरा अर्थ होता, लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचा स्वतंत्र ड्रायव्हर वापर. नवा कर्नल तो अर्थ तंतोतंत पाळतो. माझ्या यंत्राला तसा ड्रायव्हरच नाही, म्हणून एसीपीआय गेला, इंटेलही गेला आणि कोणीच उरले नाही.

मी तो शब्द काढून टाकून पाहिला. यंत्र जुन्या काळाचे असल्यामुळे कर्नलने एसीपीआयला निवडले आणि पुन्हा तीच गत झाली: पट्टी हलते, दिवा हलत नाही. मग ‘एसीपीआय_बॅकलाइट=नेटिव्ह’ लिहिले. नेटिव्ह म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हरचा स्वतःचा मार्ग, आणि पहिल्या दिवशी इंटेलच्या फाइलमध्ये १२०० लिहून मी हाताने जे केले होते तेच कर्नलला त्याच्या भाषेत सांगायचे तर हाच शब्द होता. त्या रविवारी माझ्याकडे योग्य उत्तर होते आणि मी लोकांनी सांगितलेला शब्द लिहिला, याची खंत वाटते. ज्यांच्या ग्रबमध्ये जुना ‘व्हेंडर’ आहे आणि नव्या कर्नलवर पट्टी गायब झाली आहे, त्यांनी आधी हा बदल करून पाहावा.

कर्नलच्या आत यंत्रांच्या नावांची एक यादी असते, ज्यात अमुक मॉडेलला एसीपीआय नको, नेटिव्ह द्यावे, असे लिहिलेले असते. त्या यादीत आपले मॉडेल आले की ग्रबमध्ये काही लिहावे लागत नाही आणि तेच यंत्र वापरणाऱ्या कोणालाही दुरुस्तीच्या दुकानाची पायरी चढावी लागत नाही. यासाठी ‘डीएमआयडीकोड’ या आज्ञेने मिळणारी मॉडेलची माहिती, दोन्ही फोल्डरांतले आकडे आणि कोणत्या शब्दाने काम झाले, एवढे लागते. ते सगळे मी काढून ठेवले आहे आणि कर्नलच्या लोकांना पाठवायचे पत्र लिहायला घेतले आहे. चतुर्थीच्या सुटीत ते पुरे करून पाठवतो.